एका काठीला दोन हात

जोड्यांच्या दुकानाशेजारच्या पायऱ्या उतरून खाली आलात, की उजव्या भिंतीवर काठ्यांची एक चौकट दिसते. तिच्यात अगदी कडेला, मुठीपाशी रंग उडालेली जी काठी आहे, ती मी. मी पूलच्या खेळातली एक जुनी काठी आहे, मित्रांनो. खेळणारे मला क्यू म्हणतात. माझ्या टोकाने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्या चेंडूने रंगीत चेंडूंना टेबलाच्या खिशांत धाडायचे, एवढेच माझे काम. पण एवढ्याशा कामात माझा सगळा जन्म गेला, आणि बरा गेला.

आमची खोली जमिनीखाली आहे. वर छताला लागून एक लांबट खिडकी आहे, ती थेट रस्त्याच्या कडेला उघडते. तिच्यातून माणसे दिसत नाहीत, माणसांचे पाय दिसतात. दुपारी त्या पायांच्या मधून ऊन आत येते आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर पसरते. मग मला गुंगी येते. पूर्वी मी झाड होते. कुठल्या डोंगरावर, ते आता आठवत नाही. पण त्या उन्हात माझ्या अंगावर पानांची सावली हलते आहे, असे मला अजून वाटते. नीट बघावे, तर ती कुणाच्या तरी चपलांची असते.

झाड पडले, फळ्या झाल्या, फळ्या पुष्कळ दिवस सावलीत वाळल्या. मग एका कारखान्यात मला यंत्रावर गरगर फिरवून गोल केले. टोकाला चामड्याची टिकली चिकटवली, अंगाला रोगण दिले. आम्ही सगळ्या बहिणी एका खोक्यातून इथे आलो, तेव्हा क्लबच्या मालकांनी मला उचलून एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "वा! सुतासारखी सरळ आहे." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

नंतर एका हरलेल्या माणसाने मला रागाने जमिनीवर आपटले. माझी टिकली निघाली. मालकांनी मला ओल्या भिंतीला टेकवून ठेवले आणि ते विसरून गेले. मित्रांनो, लाकडाला टेकवून ठेवणे म्हणजे माणसाला वाकून उभे करण्यासारखे आहे. तिथे मी अर्धवट झोपेत असायची. चेंडूंचे आवाज लांबच्या गावातून आल्यासारखे ऐकू यायचे.

त्या झोपेतून मला दोघांनी उठवले.

एका रविवारी दुपारी एक नवरा-बायको आले. तो बसचा ड्रायव्हर, उंच आणि अबोल. ती पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवणारी, ठेंगणी आणि बोलकी. चौकटीतल्या चांगल्या काठ्या लोकांच्या हातांत होत्या. मालकांनी मला कोपऱ्यातून काढले, नवी टिकली चिकटवली आणि विचारले, "एकच आहे. चालेल का दोघांत?"

"संसार चालतो, तर काठी का नाही चालणार?" ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी दोघे एकमेकांविरुद्ध खेळायचे आणि काठी एकच, मी. तिचा चेंडू चुकला की तो हात पुढे करायचा. ती मला त्याच्या हातात द्यायची. त्याचा चुकला की ती हात पुढे करायची. पुढे चौकट भरलेली असली, तरी त्यांनी दुसरी काठी कधी घेतली नाही. तिच्या हाताला नव्या कापडाचा वास असायचा, त्याच्या हाताला स्टिअरिंगच्या रबराचा. एका उबेतून दुसऱ्या उबेत जाताना मला झोपेत कुणीतरी कूस बदलून दिल्यासारखे वाटायचे. हळूहळू माझ्या मुठीवरचे रोगण दोन ठिकाणी उडाले. मागे मोठा डाग, त्याच्या पंजाचा. वीतभर पुढे लहान डाग, तिचा.

मग तिचे मनगट दुखू लागले. कात्री चालवून चालवून ते आधीच थकले होते. त्यात मी वजनाने जड. चांगला चाललेला डाव ती मध्येच सोडायची आणि बाकावर बसून मनगट चोळायची. डॉक्टर म्हणाले, हलकी काठी घ्या, नाहीतर हा खेळ सोडा. चौकटीतल्या सगळ्या काठ्या तिने उचलून पाहिल्या. जी हलकी होती ती वाकडी, जी सरळ होती ती लांब.

"हाताच्या मापाची काठी बनवणारा एक कारागीर आहे," मालक म्हणाले. "पण तो पैसे असे सांगतो, की ऐकूनच मनगट बरं होतं."

कारागिराचे दुकान ड्रायव्हरला ठाऊक होते. त्याच्या बसच्या रस्त्यावरच ते होते. सिग्नल लाल झाला की तो काचेतल्या काठ्यांकडे बघत राहायचा, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. हे त्याने बायकोला कधी सांगितले नव्हते. पण एकदा ती त्याच बसमध्ये मागे बसली होती, आणि तिने ते पाहिले होते.

मला मालकांकडून मागून घेऊन दोघे तिथे गेले. कारागिराची रीत अशी, की आधी जुनी काठी आणायची आणि त्याच्यासमोर त्याच काठीने खेळून दाखवायचे. दुकानाच्या मागे त्याचे एक लहानसे टेबल होते. आधी ती खेळली, मग सवयीने नवऱ्याने हात पुढे केला आणि तो खेळला. कारागीर चेंडूंकडे बघतच नव्हता. शेवटी त्याने मला घेतले, माझ्या मुठीवरच्या दोन डागांवरून अंगठा फिरवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ही दोघांची काठी आहे. मी दोघांची काठी बनवत नाही. एका हाताचं माप घेतो, ती त्याच हाताची. बोला, कुणाचा हात?"

"हिचा," तो म्हणाला.

"यांचा," ती म्हणाली.

"अगं, मनगट तुझं दुखतंय."

"आणि लाल सिग्नलला मान कुणाची वळते? मी आंधळी नाही."

कारागिराने टेप गुंडाळून खिशात ठेवली. "घरी जाऊन भांडा. इथे रडारड झाली, तर लाकडाला ओल लागते."

अशी मी पहिल्यांदा कुणाच्या घरी राहिले. स्वयंपाकघरात शिलाई मशीन होते, त्याच्याशेजारी त्यांनी मला कपाटावर आडवे ठेवले. सकाळचे ऊन मशीनच्या चाकावर पडून छतावर एक उजेडाचे वर्तुळ थरथरत होते. मी त्याच्याकडे बघत पडले होते, आणि खाली चहा निवत होता.

"बाल्कनीला काचा बसवायच्या म्हणून पैसे ठेवलेत," ती म्हणाली. "त्या पैशांची काठी? लोक हसतील."

"हसू देत. बाल्कनीत वारा खाऊ."

"मग तुमच्यासाठी घ्या. मी बाकावर बसून बघेन. मला बघायला आवडतं."

"आणि मी कुणाशी खेळू? पांढऱ्या चेंडूशी?"

तिने निवलेला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. 

"अहो, तुमच्या बसमध्ये पाटी आहे ना, चालकाशी बोलू नये म्हणून? कधी कधी वाटतं, ती तुम्ही घरीही लावलीये. आठवडाभर तुम्ही हं आणि बरं याशिवाय काही बोलत नाही. त्या टेबलापाशी तेवढे माझ्याकडे हात पुढे करता. मला वेगळी काठी आली, की तेही संपलं. मनगट दुखलेलं परवडलं मला."

मित्रांनो, तेव्हा मला कळले, की ते काठी घ्यावी की नाही हे ठरवत नव्हते. इतकी वर्षे मी समजत होते, की मी चेंडू ढकलते; मी तर दोन हात जवळ आणत होते.

ड्रायव्हरने कप बाजूला सारला. त्याला बोलायचे होते, ते दिसत होते. पण लांब गाडी अरुंद गल्लीत वळवावी, तसे त्याचे शब्द मागेपुढे होत राहिले. शेवटी तो एवढेच म्हणाला, "तू खेळणं सोडलंस, तर मी हात पुढे करून कुणाकडे बघू? चल. तुझ्या हाताचं माप देऊ."

काठी तयार व्हायला पुष्कळ दिवस लागले. मी तोवर क्लबात परतले होते; ती नवी काठी तिथे आली तेव्हा सगळ्या खोलीने तिच्याकडे पाहिले. मधाच्या रंगाची, सडपातळ, तिच्या हाताच्या मापाची. उन्हात धरली की तिच्या अंगातल्या रेषा पाण्यासारख्या वाहताना दिसायच्या. मला हेवा वाटला नाही असे मी म्हणणार नाही. पण ड्रायव्हरच्या बायकोने पहिला टोला मारला आणि तिच्या मनगटाला कळ आली नाही, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर हेवा कसला करायचा?

मग तिचा चेंडू चुकला. तिने सवयीने काठी पुढे केली. त्याच्या हातात मी होते. तिने हात मागे घेतला. तो पुढे झाला, खेळला, चुकला, बाजूला झाला. ती पुढे झाली. कुणाचा हात कुणाला लागला नाही. स्टेशनवर उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांसारखा तो डाव झाला. वरच्या खिडकीतले पायसुद्धा मला त्या दिवशी घाईत वाटले.

"काय हो ड्रायव्हरसाहेब," मालक म्हणाले, "वाटण्या झाल्या वाटतं?"

ती आपली काठी पिशवीत घालू लागली.

तेव्हा ड्रायव्हरने टेबलाच्या कडेवरचा निळा खडू उचलला. टिकली घसरू नये म्हणून टोल्याआधी तिला तो लावायचा असतो. तो प्रत्येकजण आपला आपण लावतो. पण त्याने मला आणि खडूला, दोघांनाही तिच्यापुढे धरले.

"जरा लावून दे."

"का? तुमचे हात मोडले का?"

"मी लावला की नीट बसत नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "आज तिसऱ्या थांब्यावर एक म्हातारी चढली. कुंडी घेऊन. कुंडीत फक्त माती. मी विचारलं, झाड कुठंय? तर म्हणाली, अजून ठरलं नाही."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मला घेतले, माझ्या टिकलीवर हळूहळू खडू फिरवला, वरची पूड फुंकली. "मग? पुढे काय झालं?"

"सांगतो. आधी टोला मारू दे."

तो चुकला. तिने आपली नवी काठी त्याच्यापुढे धरली. त्याने त्या काठीला खडू लावला. फार सावकाश लावला, कारण म्हातारीची गोष्ट अजून संपायची होती.

अजूनही ते येतात. त्यांचे डाव फार लांबतात, आणि मालक कुरकुरतात, की यांना खडूच पुरत नाही. बाल्कनीला काचा अजून लागलेल्या नाहीत.

मित्रांनो, मी आता थकले आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे काही जुने लाकूड असेल, तर त्याला ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ते कुरकुरत नाही, नुसते वाकत जाते. नवी वस्तू घ्यावीशी वाटली, तर जरूर घ्या. मापाची, महागाची, मधाच्या रंगाचीसुद्धा घ्या. फक्त ती घेताना एवढे बघा, की जुन्या वस्तूच्या निमित्ताने तुमच्याकडे कुणाचा हात येत होता का. येत असेल, तर त्या हाताला दुसरे काहीतरी निमित्त द्या. त्याला रिकामा परत पाठवू नका.