शनिवारचे बूट

शंका घेण्याचाच मला पगार मिळतो, हे आधी सांगून टाकतो. डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसरा कुणी 'झालंय, चालतंय' म्हणाला की ते कुठे चालत नाही हे शोधून काढायचं, एवढंच माझं काम. बावीस वर्षं हेच केल्यावर ती सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. रोहिणी, माझी बायको, म्हणते की तू चहासुद्धा संशयाने पितोस. साखर कमी घातलेली असते म्हणून पितो, पण ते असो.

आम्ही किहीमकर. मूळ अलिबागजवळच्या किहीमचे, मग ठाण्याचे, आणि आता सात वर्षं डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. इथल्या मराठी मंडळींना हे दर गणपतीत नव्याने सांगावं लागतं. 'म्हणजे ख्रिश्चन का?' नाही हो. 'पण मराठी किती छान बोलता!' मग काय बोलू? शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ असतो. तेवढ्या वेळात आम्ही चूल पेटवत नाही, लिहीत नाही, फोन घेत नाही, गाडी चालवत नाही. आयर्लंडच्या आकाशात तारे शोधत बसलं तर शब्बाथ बुधवारपर्यंत लांबेल, म्हणून मी वेळ कॅलेंडरमध्ये बघतो. सिनेगॉग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे शनिवारची प्रार्थना घरीच. ठाण्यात दीडशे माणसं मिळून म्हणायची ती मी इथे एकटा म्हणतो. एकटा असल्यामुळे नियम मी जास्तच कडक पाळतो, हे मला मान्य आहे. मी सोडलं तर धरणारं कोण आहे?

आमची नओमी तेरा वर्षांची. चौदाखालच्या मुलींच्या संघात गेलिक फुटबॉल खेळते, म्हणजे हातापायांनी खेळायचा इथला फुटबॉल. सराव बुधवारी आणि सामने शनिवारी साडेअकराला. तीन वर्षांपूर्वी तिला क्लबात घातलं तेव्हाच मी प्रशिक्षक बाईंना, ओर्लाला, स्पष्ट सांगितलं होतं: बुधवारी येईल, रविवारी काही असलं तर येईल, शनिवारी नाही. ओर्ला म्हणाली, "नो बॉदर अ‍ॅट ऑल. शी इज ग्रँड." म्हणजे काही अडचण नाही; इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. आयरिश माणूस इतक्या चटकन 'नो बॉदर' म्हणाला की कुठेतरी बॉदर असतोच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, ओर्लाचा मेसेज आला. मे महिन्यात एका रविवारी गॉलवेला मोठी स्पर्धा होती. अठरा मुलींची यादी झाली होती आणि तिच्यात नओमी होती. पालकांनी त्याच शनिवारी रात्री नऊपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. नओमी घरभर उड्या मारत होती. मी मेसेज दोनदा वाचला. वर्षभरात शनिवारचा एकही सामना न खेळलेली मुलगी अठरांत आली कशी? संघात पंचवीस मुली आहेत, सगळ्या शनिवारी घाम गाळतात. मी उत्तर दिलं नाही.

मग मी मागे वळून बघायला लागलो, आणि बघायला लागलं की दिसतंच. गेले सहा आठवडे शनिवारी संध्याकाळी मागच्या दाराजवळ नओमीचे खिळ्यांचे बूट ओल्या चिखलाने भरलेले असायचे. जर्सी मात्र कोरडी, स्वच्छ. पोरगी हुशार आहे, मी मनात म्हटलं, जर्सी बदलते पण बूट विसरते. त्यात माझी आई. ती जानेवारीत ठाण्याहून आली होती, सहा महिन्यांसाठी. दर शनिवारी सव्वादहाला आजी आणि नात 'पाय मोकळे करायला' निघायच्या आणि दोनला परत यायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघा धरून जिना चढणारी बाई मार्चच्या गारठ्यात पावणेचार तास पाय मोकळे करते? शेवटची काडी लावली ती नागपूरच्या अभिजितने. त्याची मुलगी त्याच क्लबात लहान गटात आहे. गुरुवारी भेटला तेव्हा सहज म्हणाला, "अरे, तुझ्या नओमीला पाहिलं ना शनिवारी ग्राउंडवर. क्लबच्या जर्सीत. तुमचं ते शनिवारचं आता बंद झालं का?"

मी हसलो आणि म्हणालो, नाही रे, दुसरी कुणी असेल. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते.

शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो. मेणबत्त्या लागल्या होत्या, काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला सगळ्यांच्या हातून फिरून झाला होता. मी विचारलं, "नओमी, शनिवारी कुठे जातेस?"

"वॉक. विथ आजी."

"कुठे?"

"जस्ट अराउंड, डॅड."

"हे बघ," मी म्हणालो, "ओर्लाला उत्तर उद्या रात्री द्यायचंय. तू शब्बाथला खेळतेस असं मला दिसलं, तर गॉलवे नाही. गॉलवे सोड, क्लबातूनच नाव काढीन."

तिने चमचा खाली ठेवला. "यू थिंक आय'म लायिंग?"

"मला काही वाटत नाही. मी बघतो."

"अरे एझ्रा," आई म्हणाली, "शब्बाथच्या ताटावर कोर्ट भरवतोस होय रे? तुझ्या बापाने तरी कधी भरवलं होतं?" रोहिणीने विषय बदलला. नओमी पुढे जेवली नाही. आई माशाचे काटे काढत राहिली आणि माझ्याकडे तिने बघितलं नाही. ही दोघींची मिलीभगत आहे, अशी माझी खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेच्या मध्यावर असताना पुढचं दार लागल्याचा आवाज आला. मधेच उठता येत नाही. मी भराभर म्हणत सुटलो, इतकं भराभर की बाबा असते तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं. बाहेर आलो तर त्या दोघी दिसेनात. रिमझिम सुरू झाली होती. रोहिणी रात्रपाळी करून आली होती. ती नर्स आहे, रुग्णांसाठी शब्बाथला काम चालतं. ती वर गाढ झोपली होती.

क्लबचं मैदान चालत पन्नास मिनिटांवर. मी पोचेपर्यंत निम्मा सामना उरकला असता, आणि मला पाहून आईने नातीला कोट चढवून उभं केलं असतं. दाराजवळच्या कपाटावर गाडीची किल्ली होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडता येतो, हे लहानपणापासून ऐकलंय. मी म्हटलं, पोरगी हातची चाललीय, हा जीवच वाचवणं नव्हे का? आता आठवलं की लाज वाटते, पण त्या वेळी मला तो मुद्दा अगदी बिनतोड वाटला. एकोणपन्नास वर्षांत मी शब्बाथला गाडी सुरू केली नव्हती. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मैदानाच्या मागच्या बाजूला गाडी लावली आणि सामान ठेवायच्या पत्र्याच्या खोलीआड, छपराखाली उभा राहिलो. सामना चालू होता. मी आमच्या मुली मोजल्या. एकेकीचं तोंड पाहिलं. मैदानात नओमी नव्हती.

ती रेषेबाहेर उभी होती. उघड्या कोटाखाली क्लबची जर्सी, पायात खिळ्यांचे बूट, आणि बूट घोट्यापर्यंत चिखलात. दर सामन्याला तिथेच राखीव मुली उभ्या राहून राहून जमिनीचा चिखल झाला होता. शेजारी घडीच्या खुर्चीत आई बसलेली, मांडीवर कुणाचं तरी ब्लँकेट, आणि एक आयरिश बाई तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी. नओमी घसा फुटेस्तोवर ओरडत होती. एकदा चेंडू थेट तिच्याकडे घरंगळत आला. तिने हात पाठीमागे बांधले, एक पाऊल मागे सरली आणि दुसऱ्या मुलीला येऊन तो घेऊ दिला.

"हाय एझ्रा!" मागून ओर्ला आली. मध्यंतर झालं होतं आणि ती पाण्याच्या बाटल्या घ्यायला आली होती. "अखेर आलास तर. आज दोन्ही पिढ्या!"

"ही... ही नेहमी येते?"

"दर शनिवारी. तुला माहीत नाही?" तिने इंग्रजीत, आश्चर्याने विचारलं. "मी तिला म्हटलं, गुण तरी लिहून ठेव. तर म्हणे, लिहिता येत नाही आज. सगळे गुण डोक्यात ठेवते आणि शेवटी मला घडाघडा सांगते. कुणी मारला, कितव्या मिनिटाला. एकदाही चुकली नाही. बुधवारी ती चांगली खेळते, ते आहेच. पण इतकी संघाची मुलगी मी यादीबाहेर कशी ठेवू?"

तेवढ्यात नओमीने मला पाहिलं. ती धावत आली. तोंडावर आनंद होता, हे मी शपथेवर सांगतो. मी खेळ बघायला आलोय असं तिला वाटलं असावं. मग ती थांबली. तिने माझ्या कोरड्या केसांकडे पाहिलं, कोरड्या बुटांकडे पाहिलं आणि मग हातातल्या किल्लीकडे.

"डॅड," ती हळू म्हणाली, "हाऊ डिड यू गेट हिअर?"

मी किल्ली खिशात घातली. त्याचा काही उपयोग नव्हता.

"आय टोल्ड देम," ती म्हणाली. "दे ऑल आस्क, व्हाय कान्ट युवर डॅड जस्ट ड्राइव्ह यू. अँड आय टोल्ड देम, माय डॅड नेव्हर ड्राइव्ह्ज ऑन शब्बाथ. नेव्हर एव्हर."

आई खुर्चीतून उठून गुडघा धरत आमच्यापर्यंत आली. तिलाही सांगावं लागलं नाही. "मला सांगायचं होतंस ना," मी तिला म्हणालो, कारण तिच्यावर चिडणं सोपं होतं.

"काय सांगू? तू बघायलाही जाऊ नको म्हणाला असतास."

म्हणालो असतो. बघणं म्हणजे निम्मं खेळणंच, असंच म्हणालो असतो.

सामना संपल्यावर नओमीने ओर्लाला गुण सांगितले आणि आजीचा हात धरून फाटकाकडे वळली. गाडी दहा पावलांवर होती. पाऊस वाढला होता, आईचा गुडघा दुखत होता, तरी दोघींनी त्या दिशेला मानसुद्धा वळवली नाही. मी गाडी तिथेच सोडली आणि त्यांच्या मागे चालत निघालो. पन्नास मिनिटांचा रस्ता आईच्या चालीने सव्वा तासाचा झाला. दर शनिवारी ही बाई नातीसाठी हा रस्ता दोनदा तुडवत होती.

घरी रोहिणी उठलेली होती. तिने टॉवेल दिले आणि मला विचारलं, "तूही फिरायला गेला होतास?" मी हो म्हणालो. चालत तर आलोच होतो.

सव्वासातला शब्बाथ सुटला. पीळ घातलेली मेणबत्ती लावली, लवंगांची डबी सगळ्यांनी हुंगली, मेणबत्ती शरबतात विझवली. रोहिणी म्हणाली, "दूध संपलंय, पटकन घेऊन येते." तिने पडदा बाजूला केला. "अरे, गाडी कुठाय?"

मी विझलेली मेणबत्ती उगाच पुसायला लागलो.

"बॅटरी डेड झाली," नओमी म्हणाली. "डॅड लेफ्ट इट अ‍ॅट द क्लब. यस्टर्डे."

"काल तर हा मेणबत्त्या लावायच्या आधी गाडीनेच आला की."

"बिफोर दॅट," नओमी म्हणाली. "आय मीन, आफ्टर." तिचे कान लालभडक झाले होते आणि ती टेबलावरच्या लवंगा एकेक करून डबीत भरत होती.

तेरा वर्षांत मी तिचे कान असे कधी पाहिले नव्हते. पहिल्याच प्रश्नाला तिचं खोटं कोसळलं होतं. असली मुलगी मला सहा आठवडे फसवतेय, असं मी धरून चाललो होतो. ती पहिलं खोटं बोलली ते आज, आणि ते माझ्यासाठी.

"बॅटरी ठीक आहे," मी म्हणालो. "आज सकाळी मी गाडी चालवत क्लबात गेलो."

रोहिणी माझ्याकडे बघतच राहिली. "शब्बाथला? तू? कशासाठी?"

गाडी चालवली हे सांगणं त्या मानाने सोपं होतं. "नओमी खोटं बोलते का, ते बघायला," मी म्हणालो.

आईने डोळे मिटले. रोहिणी स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडी जरुरीपेक्षा जास्त वाजली. मी फोन सुरू केला, ओर्लाचा मेसेज काढला आणि 'हो, नओमी येईल' असं लिहून पाठवलं. मग फोन नओमीपुढे धरला, तिने वाचावं म्हणून. तिने वाचलं. सोमवारी मेसेज आला तेव्हा ती घरभर उड्या मारत होती. आता तिने फक्त मान हलवली.

"सॉरी," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"इट्स ग्रँड."

"पुन्हा कधी तुझ्या मागे येणार नाही. शब्द देतो."

डबीचं झाकण लावून ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे जरा बारीक करून, मी खरं बोलतोय की नाही ते ताडून बघत. सोमवारपासून मी तिच्याकडे अगदी असाच बघत होतो.