तक्त्यावरच्या टिकल्या

दर्यापूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका कपाळाला टिकली लावत नाहीत. तरीही गेल्या वर्षभरात बाजारातल्या बांगडीवाल्याकडून टिकल्यांची सगळ्यांत जास्त पाकिटं कोणी नेली असतील, तर ती त्यांनीच. बांगडीवाला चक्रावला होता, पण गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणून गप्प राहिला.

भानगड अशी होती. नवे पाळकसाहेब धर्मेंद्र यांनी मागच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवाला वाहतात त्या दिवशी, चर्चच्या भिंतीवर भलामोठा तक्ता लावला. डावीकडे मंडळीतल्या माणसांची नावं आणि प्रत्येक नावापुढे वर्षाच्या दिवसांचे बारीक बारीक चौकोन. रोज सकाळी नेमून दिलेला अध्याय वाचायचा, पंधरा मिनिटं प्रार्थनेत बसायचं, आणि रविवारी उपासना संपली की आठवड्याचे सात चौकोन भरायचे. भरायचे कशाने, तर टिकलीने. ही पाळकीणबाईंची युक्ती. पेनाची शाई पुसट होते, गोंद सांडतो, टिकली कशी पटकन चिकटते आणि लांबून दिसते.

लांबून दिसते, हेच ललिताला भारी पडलं.

ललिता अकोल्याला एका डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीवर आणायची. शिस्त तिच्या अंगात मुरलेली. शाळेत असताना तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता आणि पन्नाशी जवळ आली तरी ती सवय सुटली नव्हती. तक्ता लागला त्याच रात्री तिने पाच वाजताचा गजर लावला. डिसेंबरच्या थंडीत, एप्रिलच्या उकाड्यात, ती स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून वाचत राहिली. तिची ओळ टिकल्यांनी गच्च भरत गेली. तिच्या खालीच निवृत्त शिक्षिका मैनाबाईंची ओळ होती, आणि त्यांच्या दोन टिकल्या कमी होत्या. ते पाहून ललिताला जो आनंद व्हायचा, तो काही फारसा आध्यात्मिक नव्हता.

जूनमध्ये दवाखान्याची वेळ बदलली. आठला हजर राहायचं म्हणजे सव्वासहाची काळीपिवळी जीप गाठायची. डबा, आंघोळ, पाणी भरणं यात पहाटेचा अर्धा तास कुठे विरघळला ते तिलाच कळलं नाही. पहिल्या दिवशी ती पुस्तकावरच पेंगली. रविवारी मात्र सातही टिकल्या लावल्या. उद्या दुप्पट वाचू, असं तिने मनाशी ठरवलं. उद्या काही दुप्पट वाचून झालं नाही. सप्टेंबर उजाडला तेव्हा तिच्या ओळीत बहात्तर टिकल्या खोट्या होत्या, आणि हे तिच्याशिवाय फक्त एकालाच ठाऊक होतं. त्याच्यासमोर सकाळी डोळे मिटून बसायचीही तिला आताशा लाज वाटायची. म्हणून तिने बसणंच सोडलं होतं.

शेवटी तिने कंबर कसली. सण नोव्हेंबरात. रोज जाता-येता काळीपिवळीत पाच-पाच अध्याय उरकले तर सणाच्या कितीतरी आधी सगळं भरून निघेल. त्या सोमवारी तिने गाडीत बसल्या बसल्या पिशवीतून शास्त्र काढलं आणि पोरं पाढे म्हणतात तसं ओठातल्या ओठात सुरू केलं.

शेजारी गोदाबाई होत्या. दर्यापूरजवळच्या खेड्यात त्यांचा झेंडूचा मळा. फुलांचं एक गाठोडं पायाशी, एक मांडीवर, अशा त्या रोज अकोल्याच्या बाजाराला निघायच्या. बराच वेळ त्यांनी ललिताच्या ओठांकडे पाहिलं.

"काय वाचून राहिली व बाई? परीक्षा हाय का?"

"नाई मावशी. शास्त्र हाय. प्रभूचं वचन."

"मंग येवढी घाई काहून? देव गाडी सोडून चालला का?"

पुढच्या सीटवरचे दोघे हसले. ललिताही कसनुसं हसली.

"जोरानं वाच," गोदाबाई म्हणाल्या. "माह्याबी कानावर पडू दे. अकोल्यापर्यंत मले दुसरं काई काम नाई."

ललिताचा नाइलाज झाला. समोर पान होतं ते दोघी बहिणींच्या गोष्टीचं. प्रभू येशू त्यांच्या घरी पाहुणा येतो. एक बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसते, दुसरी कामाच्या धबडग्यात. दुसरी तक्रार करते, की हिला मला हातभार लावायला सांग. तर प्रभू म्हणतो, हिने निवडलंय तेच चांगलं. लहानपणापासून पन्नास वेळा वाचलेली गोष्ट. ललिताने अर्ध्या मिनिटात संपवली आणि पान उलटायला बोट लावलं.

"थांब, थांब," गोदाबाईंनी तिचा हात धरला. "पावना घरी आला. एक बसली आयकत, एक मरून राहिली चुलीपाशी. अन बोलनं कोनाले बसलं? चुलीपाशीच्या बाईले! वा रे वा!"

"बरोबर हाय मावशीचं," ड्रायव्हरने आरशातून कौल दिला. "सयपाक कोनं करा मंग?"

मागून एक गुरुजी म्हणाले, पाहुणा बोलायला आला असेल तर त्याचं ऐकून घेणं हाच पाहुणचार. त्यावर दोन बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. म्हैसांगचा पूल येईपर्यंत गाडीत सरळ दोन तट पडले होते. ललिता पुस्तकात बोट घालून सगळ्यांची तोंडं पाहत बसली.

"ते जाऊ दे," गोदाबाईंनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. "मले हे सांग, तो जेवला का?"

"कोन?"

"पावना व! चुलीपाशीच्या बहिणीनं भाकरी टाकल्या, का रागानं तवाच उतरवला?"

ललिताने खालची ओळ पाहिली. पुढे वेगळाच विषय सुरू होत होता. "लिवलं नाई मावशी."

"नाई लिवलं तं त्यालेच इचार. तू रोज त्याच्यासंगं बोलतेस ना?"

ललिताने पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. त्या दिवशी दवाखान्यात ती पेशंटना अक्षरं वाचायला लावत होती आणि मनात एकच घोळत होतं. तीस वर्षांत आपण देवाजवळ मागितलं पुष्कळ. नवऱ्याचं दुखणं, भाच्याची नोकरी, दवाखान्यातली पगारवाढ, सगळं मागितलं. विचारलं मात्र कधी काहीच नाही. माणूस माणसाला विचारतो तेवढंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोळ्या लाटता लाटता तिने विचारून टाकलं. "प्रभू, जेवला होतास का रे तू त्या दिवशी?"

विचारलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं. आकाशातून काही उत्तर आलं नाही. पण कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून आपल्याकडे पाहावं, तसं तिला वाटलं. लाटणं तसंच हातात धरून ती थोडा वेळ उभी राहिली. जूनपासून तिने त्याला टाळलं होतं, आणि तो मात्र रागावून कुठे गेला नव्हता. तिचे डोळे भरून आले. पोळी करपली.

मग रोजचाच प्रघात पडला. पाच अध्याय उरकायचं राहिलं बाजूला. त्या दोघी बहिणी चार दिवस पुरल्या. गोदाबाई प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधून काढायच्या, ललिता ते दिवसभर मनात बाळगायची आणि पहाटे प्रभूपुढे मांडायची. कधी पोळ्या लाटताना, कधी पाणी भरताना. पंधरा मिनिटांचं घड्याळ लावायची गरज उरली नाही, कारण बोलणं दिवसभर चालू असायचं. गोदाबाईंना यात नवल काही वाटलं नाही. "मीबी वाफ्यात पानी सोडता सोडता माह्या देवाले सारं सांगते," त्या म्हणायच्या. "सून काय बोलली, गाय काहून आटली. त्याले नाई सांगाचं तं कोनाले?"

दसऱ्याच्या आधी एकदा पैसे काढताना ललिताच्या पिशवीतून टिकल्यांचं पाकीट खाली पडलं. गोदाबाईंनी उचलून दिलं. "तुमच्यात तं टिकली लावत नाईत ना व?"

ललिताने तक्त्याची सगळी हकीकत सांगितली. गोदाबाई पोट धरून हसल्या. "म्हंजे देवाले हजेरी देता तुमी! अन तुही हजेरी किती भरली?"

"पुरी," ललिता म्हणाली, आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं. प्रभूशी सगळं बोलून झालं होतं, पण या एका गोष्टीपाशी आलं की ती दुसराच विषय काढायची. खोट्या टिकल्यांची रांग रविवारी रविवारी वाढतच होती. मध्येच थांबली असती तर लोकांनी विचारलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की वर्षभर एकही दिवस न चुकलेली व्यक्ती मंडळीत एकच आहे. सणाच्या दिवशी ललिताताई साक्ष देतील. देवाजवळ कसं जावं ते त्यांच्याकडून शिकू या. टाळ्या पडल्या. मैनाबाईंनीही वाजवल्या, दोन बोटांनी.

घरी येऊन ललिता पलंगावर बसली ती उठेचना. खुशालराव, तिचे यजमान, पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांची तक्त्यावरची ओळ विरळ होती आणि त्याचं त्यांना सुतराम दुःख नव्हतं. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलू का मी आता?"

"देवाले माईत हाय, तुले माईत हाय," खुशालराव म्हणाले. "आज मलेबी समजलं. राह्यली फक्त मैनाबाई."

"तुमाले मजाक सुचून राहिली!"

"मजाक नाई. सांगून दे अन मोकळी हो."

सांगून दे म्हणणं सोपं होतं. आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला. पहाटे प्रभूशी बोलायला जावं तर ती मध्येच उठून दुसऱ्याच कामाला लागायची. इतक्या महिन्यांनी कुठे ओळख जुळली होती. आता पुन्हा त्याच्यासमोर मान खाली घालून फिरायचं, या विचाराने तिला रडूच यायचं. मंडळीत अब्रू गेली तर परवडली, पण हे नको, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आणि तेव्हाच तिचं ठरलं.

सणाच्या दिवशी चर्च ओसंडून वाहत होतं. वेदीपुढे कापसाचे ढीग, सोयाबीनची पोती, भोपळे, ऊस, आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, ज्या प्रत्येक गीताला साथ देत होत्या. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. ललिता पुढे आली. रात्रभर जागून लिहिलेला कागद तिच्या हातात होता. तिने तो घडी करून पदराखाली धरला.

"माह्या ओळीतल्या जूनपासूनच्या टिकल्या खोट्या हायेत," ती म्हणाली. "मी न वाचताच लावल्या. पुढं थोडं वाचलं, पन नेमून दिलेलं नाई. त्या मी आता काढते."

ती तक्त्यापाशी गेली आणि नखाने टिकली खरवडू लागली. दवाखान्यामुळे नखं बारीक कापलेली, आणि टिकल्या चांगल्या महागाच्या. एकही निघेना. तिच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात खुशालराव उठले, खिशातला छोटा चाकू काढला आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"कुठून?"

"जूनपासून."

टिकल्या एकेक करून खाली पडू लागल्या. महिना संपला, दुसरा संपला.

"अजून?" खुशालरावांनी विचारलं, हळूच म्हणून, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"अजून."

सगळं काढून झालं तेव्हा ओळ जवळजवळ निम्मी मोकळी झाली होती. ललिता लोकांकडे वळली. "साक्ष द्यायची होती मले. साक्ष एवढीच हाय. ओळ पुरी होती तवा मी देवापासून पळत होती. दोन महिने झाले, मी थोडंथोडंच वाचते अन त्याले काईबाई इचारत राहते. आता तो मले जवळ वाटते. लई जवळ. म्हून हे खोटं मधात ठेववलं नाई."

ती खाली बसायला निघाली. तोच मैनाबाईंचा करडा, शाळेतला आवाज आला.

"खुशालराव, तो चाकू जरा इकडं द्या."

मैनाबाईंनी स्वतःच्या ओळीतल्या अकरा टिकल्या काढल्या, मान ताठ ठेवून. त्यांच्या मागे आणखी एक उभं राहिलं, मग आणखी दोघं. बघता बघता तक्त्यापुढे रांग लागली आणि चाकू या हातातून त्या हातात फिरू लागला. शेवटी पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि चाकू मागून घेतला. "मार्चमधल्या पाच," ते म्हणाले.

"अन जुलैतला तो लग्नाचा आठवडा?" पाळकीणबाईंनी जागेवरूनच आठवण करून दिली.

मग मात्र चर्चमध्ये हशा पिकला. कोंबड्याही ओरडल्या. इतकं हसणं त्या छपराखाली कधी झालं नव्हतं. हसता हसता दोन-तीन जणी डोळे पुसत होत्या.

पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना करायला सांगितली. एरवी यासाठी चढाओढ असायची. आज कोणीच उठेना. "ललिताताई, तुम्हीच करा," ते म्हणाले.

ललिता उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. तिने शब्द शोधले, पण छान छान म्हणावं असं एकही वाक्य तिच्यापाशी उरलं नव्हतं. "प्रभू," ती म्हणाली, "आमी आलो."

पुढचं ऐकायला मंडळी थांबली. पुढे काही नव्हतं. जरा वेळाने खुशालराव मोठ्याने आमेन म्हणाले, आणि त्यांच्यामागून सगळे म्हणाले.

आयुष्यभर केलेल्या प्रार्थनांत हीच एक सरळ पोचली, हे ललिताला त्याच क्षणी कळलं, आणि ती खुशीत मागच्या अंगणात जेवण वाढायला गेली.