हिलाल आबा सायकल शिकतात

हिलाल आबा अमळनेरच्या सायकल मंडळाच्या बैठकीला गेले ते केवळ शेजारच्या भूषणने चहाला बोलावलं म्हणून. चौतीस वर्षं एसटी चालवून ते नुकतेच रिटायर झाले होते, वेळ जाता जात नव्हता. बैठकीत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा ईश्वर नावाचा शिक्षक बोलायला उभा राहिला.

"माझी आई तांदूळ निवडते, पण डोळ्यांनी नाही, बोटांनी. एकेक खडा चाचपून काढते. आमच्याकडे अशा कितीतरी म्हाताऱ्या आहेत."

मग मंडळाचा प्रमुख म्हणून भूषणने बेत सांगितला. शिरपूरच्या पुढे त्या पाड्यांपर्यंत जाऊन यायचं. दीडशे किलोमीटर, तीन दिवस. गावातला एक चष्मेवाला प्रत्येक सायकलस्वाराच्या दर दहा किलोमीटरला त्या म्हाताऱ्यांसाठी एक चष्मा देणार होता.

"कोण कोण येणार?"

पहिला हात आबांचा. टाळ्या कडाडल्या. हार नव्हता म्हणून कोणीतरी त्यांच्या गळ्यात टॉवेलच घातला. आबा तरंगतच निघाले. घराच्या वळणावर त्यांना आठवलं, आपल्याला सायकल येत नाही!

हे ऐकून त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना हसू आवरेना. त्या ओट्यावरच बसल्या.

"जिंदगीभर येस्टी चालाडी, अनं सायकल येस नही?"

"हासू नको. नाव काढी टाकू का?"

"काढानं नही!" वच्छलाबाईंनी डोळे पुसले. "मी शिकाडस तुमले."

त्यांचं माहेर जामनेरकडचं. लहानपणी वडिलांच्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून कैची मारत त्या डेअरीवर दूध घालायच्या. दुसऱ्याच दिवशी भूषणची जुनी सायकल मागून त्यांनी मार्केट यार्डाच्या मैदानात शिकवणी सुरू केली.

आबांचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा. वळायचं झालं की उजवा हात खिडकीतून काढावा तसा बाहेर यायचा आणि आबा खाली. एकदा ते धान्याच्या गोण्यांवर गेले, एकदा कडब्याच्या ढिगात. कडब्यातून डोकं वर काढून सगळे ठीक आहेत अशी कंडक्टरसारखी वर्दी दिली, "बठ्ठा प्रवासी सुखरूप शेत!" हमाल पोट धरधरून हसले.

नवव्या दिवशी कॅरिअर धरून पळता पळता वच्छलाबाईंना धाप लागली आणि हात सुटला. आबा बोलतच पुढे गेले. मागून उत्तर येईना तेव्हा त्यांना उमगलं.

"वच्छला! मी एकला चालाडी राहिनू! एकला!"

पण थांबायचं कसं हे शिकायचं राहूनच गेलं होतं. मैदानाला सहा फेऱ्या झाल्यावर दोन हमालांनी त्यांना अलगद झेलून घेतलं.

फेरीच्या आधी मंडळाच्या पोरांचा नरडाण्यापर्यंत सराव ठरला. वच्छला सोबत असेल तरच येतो, असं आबांनी सांगून टाकलं. मग भूषणची बायको मेघा हिने आपली सायकल वच्छलाबाईंना दिली. पदर खोचून त्या निघाल्या आणि गाव सुटल्यावर त्यांचे पाय जे फिरू लागले, ते पोरांच्या घोळक्याला मागे टाकूनच! भूषण नरडाणा स्टेशनवर पोचला तेव्हा त्या सगळ्यांसाठी चहा सांगून बसल्या होत्या. आबा तासाभराने आले, सायकलवरून उतरून फेंगडे चालत, पण तोंडभर हसत.

"अक्का, तुमचं नाव लिहू का?" भूषणने विचारलं.

वच्छलाबाई एकदम लाजल्या. "अरे, या वयात..."

"लिही, लिही!" आबा कळ विसरून उठले. "दोघं गेलो तर दुप्पट चष्मे!"

"बरं, लिही. पण मी यांच्यासाठी जागोजाग थांबणार नाही."

फेरीच्या सकाळी झेंडा दाखवायला ईश्वर मुद्दाम आला होता. त्याने झेंडा उचलला, एवढ्यात वच्छलाबाई सुटल्याच.

"अक्का, अजून झेंडा पडला नाही!" तो ओरडला.

त्या कसल्या ऐकतात! आबांनी खो खो हसत पायडल मारलं आणि घंटी वाजवत ते बायकोमागे निघाले. मग सगळेच सुटले.