पालथे फुलपात्र

पेणच्या हैबतरावांच्या कारखान्यात एक रीत होती. गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखावयास जो बसे, तो हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून, आपल्या उजव्या हाताशी पितळी फुलपात्र पालथे घालून ठेवी. समोरच्या फळीवरील शेवटच्या मूर्तीचे बुबुळ पुरे होईपर्यंत ते सुलटे करावयाचे नाही. मध्येच उठले की हात मोडतो, नजर तुटते, आणि पाणी पिऊन आखलेला डोळा पाणचट दिसतो, असे हैबतराव सांगत. त्यांच्याशी वाद कोणी घातला नाही, कारण त्यांच्या हातच्या मूर्तीसमोर कोठूनही उभे राहा, देव आपल्याकडेच पाहतो आहे असे वाटे.

हैबतराव एका श्रावणात गेले. अंग सुजले होते, आणि मुखावर इतकी सूज चढली होती की ज्यांनी सहस्रावधी देवांना दृष्टी दिली, त्यांचे स्वतःचे डोळे दोन चिरांएवढे उरले होते. समोरच्या मूर्तीचा एकच डोळा आखून झाला होता. अर्ध्या दृष्टीच्या देवाची नजर लागली, अशी कुजबुज आळीत झाली. दुसरा डोळा त्यांचा मुलगा दिनानाथ याने आखला, आणि त्या दिवसापासून त्या पाटावर, त्या फुलपात्राशेजारी, तोच बसू लागला.

त्याला पुष्कळ वर्षे लोटली. यंदा रोह्याच्या एका मंडळाने मोठी मूर्ती जागेवरच घडवून घेतली आणि आखणीसाठी दिनानाथांना मानाने बोलावले. मूर्तीचा डावा डोळा पुरा झाला. उजव्यासाठी त्यांनी कुंचला भिजवला, आणि श्वास छातीतच अडकला. पाय कित्येक महिन्यांपासून सुजत होते; पण बैठ्या कामाने सुजतात, असे म्हणून त्यांनी ते धोतराखाली झाकले होते. मंडळाच्या मुलांनी त्यांना मूर्तीपुढे बांधलेल्या फळीवरून उतरवून रोह्यातील रुग्णालयात नेले. मूर्तीवर पांढरे कापड टाकण्यात आले.

फुप्फुसांत साचलेले पाणी उतरले, तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. वयाने त्या लहान होत्या, पण बोलणे सावकाश होते. दोन्ही मूत्रपिंडे आक्रसली आहेत, डायलिसिस लवकरच सुरू करावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

"हा आजार आत्ताचा नाही, काका. पुष्कळ वर्षं आत मुक्कामाला आहे. तुम्ही श्वास अडकून दवाखान्यात आलात म्हणून तो सापडला."

मग त्यांनी विचारपूस केली. रक्तदाब कधी मोजला होता? कधीच नाही. पाठदुखीला काय घेता? कारखान्यात गोळ्यांचा डबा असे. गणपतीच्या हंगामात दोन्ही वेळा त्यातली गोळी. पाणी किती पिता? दिनानाथांनी फुलपात्राची रीत सांगितली, आणि विचारल्यावरून वडिलांच्या सुजेचीही हकीगत सांगितली. बाईंनी ते लिहून घेतले. एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही, त्या म्हणाल्या. पण न मोजलेला रक्तदाब, रोजच्या गोळ्या आणि कोरडे ठेवलेले शरीर ही सगळी मिळून मूत्रपिंडे झिजवतात. वडिलांनाही बहुधा हेच असावे. घरातल्या पुढच्या पिढीची तपासणी करून घ्या.

त्या दिवसापासून दिनानाथांचे पाणी मोजून मिळू लागले. जे त्यांनी जन्मभर स्वेच्छेने दूर ठेवले होते, ते आता आज्ञेने दूर ठेवले गेले. त्यांची मुलगी सुरभी पेणहून एसटीने वडखळमार्गे येई; तिने घरचे फुलपात्र आणून खाटेशेजारच्या कपाटावर ठेवले होते, कारण प्लास्टिकच्या पेल्यातून नाना पाणी घेत नसत.

आणि मग हैबतराव येऊ लागले.

ते दुपारी येत. जेवणानंतर वॉर्ड निवे, पंख्याचा आवाज तेवढा उरे, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना खाटेच्या पायथ्याशी मांडी घालून बसलेली ती सुजलेली आकृती दिसे. वडिलांना दिनानाथ आबा म्हणत. आबा बोलत नसत. त्यांचे चिरांएवढे डोळे कपाटावर खिळलेले असत. दिनानाथ दचकून नीट जागे होत, तेव्हा पायथ्याशी कोणी नसे; स्टुलावर सुरभी येऊन बसलेली असे. मात्र सकाळी सुलटे ठेवलेले फुलपात्र पालथे असे.

पहिल्यांदा त्यांना वाटले, परिचारिकेने धुऊन ठेवले असेल. विचारले, तर तिने हातही लावला नव्हता; सुरभीलाही काही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दुपारीही तसेच झाले. तिसऱ्या दुपारी त्यांनी त्यात घोटभर पाणी मुद्दाम ठेवले. उठून पाहतात तो पाणी नाहीसे झालेले आणि फुलपात्र पालथे. त्यांच्या मनाने ठरवून टाकले की आबा त्यांना रोह्याच्या त्या एकाक्ष देवाकडे बोलावत आहेत. काम अर्धे आहे, तोवर पाणी नाही.

शेजारच्या खाटेवर नदीकाठच्या वाडीतला वाळू नावाचा मजूर होता. कोळशाच्या भट्ट्यांवर त्याचे आयुष्य गेले होते, आणि आजार तोच होता. त्याला दिनानाथांनी हे सांगितले. तो हसला, मग हसता हसता खोकला.

"काका, तुमचं बरं हाय. तुमी देवासाठी तहानेलं ऱ्हायलात. मला भट्टीवर पाणीच नव्हतं." कुशीवर वळून तो म्हणाला, "मेलेला मानूस भांडं कशाला पालथं घालील? त्याला तहान लागलेली आसंल तर तो सुलटंच करील नाय?"

हे बोलणे दिनानाथांच्या मनात रुतून बसले. पुढल्या दुपारी त्यांनी डोळे किलकिले ठेवून झोपेचे सोंग केले, पण झोप येऊ दिली नाही.

वॉर्ड निवला. पावले वाजली. सुरभी आली, संध्याकाळचा डबा खाली ठेवला, वडील झोपलेले पाहून पदराने घाम टिपला. कारखान्यातील सगळ्या फळ्यांची आखणी आता तिच्यावरच होती. डोळे तांबारले होते, ओठ सुकले होते. स्टुलावर बसण्याआधी तिचा उजवा हात आपोआप कपाटाकडे गेला. तिने फुलपात्र उचलले, शेजारच्या मोरीत रिकामे केले, आणि पालथे घातले. तिची नजर खिडकीबाहेर होती. हाताने काय केले, हे तिला ठाऊकही नव्हते. मग तिने पिशवीतून डबी काढून एक गोळी जिभेवर ठेवली आणि कोरडीच गिळली.

पायथ्याशी हैबतराव बसलेले होते. या वेळी पुरते जागे असूनही ते दिनानाथांना दिसले. आबा त्यांच्याकडे पाहत नव्हते, कपाटाकडेही पाहत नव्हते. ते सुरभीकडे पाहत होते.

"पाठीची आहे का ती गोळी?" दिनानाथांनी विचारले.

सुरभी दचकली. "जागेच आहात होय नाना?"

"कधीपासून घेतेस?"

तिने डबी पिशवीत टाकली. तिच्या पायांकडे त्यांची दृष्टी गेली. चपलेच्या पट्ट्याचा वण घोट्याखाली खोल उमटला होता. त्यांनी परिचारिकेला हाक मारून डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतले. सुरभी नको नको म्हणत होती, फळी अर्धी टाकून आले आहे म्हणत होती. तपासणी त्याच दिवशी झाली. रक्तदाब चढलेला होता आणि लघवीतून प्रथिने जात होती. ही सुरुवात आहे, बाई म्हणाल्या. गोळ्या बंद केल्या, पाणी वेळेवर प्यायले, औषध घेतले, तर पुष्कळ काळ थोपवता येईल. सुरभीने ऐकले आणि मान डोलवली; पण ती मान कशी डोलते, हे बाप ओळखून होता. हंगाम संपू दे, मग पाहू, असा तिचा अर्थ होता. तो स्वतःही तशीच डोलवत आला होता.

दिनानाथांना सुट्टी मिळाली, त्याच दुपारी मंडळाची माणसे आली. त्यांनी अदबीने सुचवले की दुसरा डोळा त्याच हाताचा असेल तर बरे. दिनानाथांनी आपला थरथरणारा हात पुढे करून दाखवला. सुरभी म्हणाली, मी आखते. निघताना वाळूने हात जोडले आणि म्हणाला, "देवाला माझं नाव सांगा. दोन्ही डोल्यांनी बघूदे म्हनावं."

मांडवात कापड उतरवले गेले. एकाच डोळ्याने देव पाहत होता, आणि त्या डोळ्यात एवढी माया होती की रिकामा उजवा भाग अधिकच भयाण दिसत होता. सुरभीने हातपाय धुतले, नमस्कार केला, फळीवर चढली. खाली हात करून म्हणाली, "नाना, फुलपात्र द्या."

हैबतराव मूर्तीच्या पायाशी बसलेले दिनानाथांना दिसत होते. त्यांनी कळशीतले पाणी फुलपात्रात काठोकाठ ओतले आणि वर धरले. कुंचला मात्र आपल्याच हातात ठेवला.

"आधी पाणी."

सुरभी खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "एक डोळा झालाय, नाना. मधे कसं पिऊ? आबांनी कधी केलं नाय असं."

"म्हणूनच सांगतो."

"आणि डोळा चुकला तर?"

"चुकू दे, बाय. मूर्ती आपण दरवर्षी नवी घडवतो."

तिने बापाच्या हातातल्या कुंचल्याकडे पाहिले. मग फुलपात्र घेतले. पहिला घोट तिला ठसकला. उरलेले पाणी ती लहान मुलीसारखी, थांबत थांबत प्याली. तळाशी घोटभर उरले. दिनानाथांची जीभ टाळूला चिकटली होती. त्यांचे त्या दिवसाचे पाणी सकाळीच संपले होते. त्यांनी कुंचला दिला.

उजवा डोळा पुरा झाला. तो डाव्यासारखा नव्हता. किंचित अधिक ओला होता, जणू देवाला काही आठवले असावे. मंडळातील एक वृद्ध पुढे आले, पाहत राहिले, आणि त्यांनी हात जोडले.

फळीवरून उतरताना सुरभीचा हात सवयीने फुलपात्राकडे गेला. ते उचलले, तिरके झाले, पाणी काठाशी आले. तेथेच हात थांबला. तिने ते सुलटे खाली ठेवले.

हैबतराव उठले नव्हते. दिनानाथांनी ते फुलपात्र हळूच त्यांच्याकडे सरकवले आणि मुलीचा हात धरून ते मांडवाबाहेर पडले. मागे वळून पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.