नदीला भेट

माझा दादा चष्मे विकतो. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर त्यांच्या नाकावर काचा बदलत बसतो, आणि स्वतःला मात्र एवढी मोठी मगर दिसत नाही. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई भावावर उगाच तोंडसुख घेतेय.

मी लेथ चालवते. वर्कशॉप बाबांचं. ते गेल्यावर दादाने हात झटकले आणि मशीन मी धरलं. लेथ चालली की धातूचा कीस पडतो, कुरळा, चमकदार, बोटं कापणारा. तो मी पिंपात साठवते आणि भंगारवाल्याला देते. एक दिवस बघते तर पितळेच्या किसाचं पिंप रिकामं.

"भंगारवाला येऊन गेला का रे?" मी शेजारच्या वेल्डरला विचारलं.

"नाही ताई, तुझा दादा आला होता. पिशव्या भरून घेऊन गेला. म्हणाला, नदीच्या औषधाला लागतंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच हात पुसत दादाच्या घरी गेले. जिन्यातच असा वास, की डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी खिडकीतून अर्धी बाहेर लटकून श्वास घेत होती. ओट्यावर तिचे कपकेकचे साचे मांडलेले, साच्यांत माझं पितळ, प्रत्येकात मधोमध एक स्फटिक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. दादा हातमोजे घालून त्यावर काळं, डिंकासारखं रेझिन ओतत होता. चेहरा असा गंभीर, जणू ऑपरेशन चाललंय.

"याला ऑर्गोनाइट म्हणतात," तो मान वर न करता म्हणाला. "वाईट ऊर्जा आत ओढतं, चांगली करून बाहेर सोडतं. नदीत टाकलं की पाणी बरं होतं. आणि हिंस्र प्राणी जवळ फिरकत नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"लोकांचे अनुभव आहेत. व्हिडिओ आहेत."

"मगरीचा अनुभव विचारला का कुणी?"

"तुझी ऊर्जाच नकारात्मक आहे, म्हणून तुझी मशीनं सारखी बंद पडतात."

"मशीनं बंद पडतात कारण ती बाबांच्या लग्नाच्या आधीची आहेत!"

"भांडण नंतर करा," वहिनी खिडकीतूनच ओरडली. "माझे साचे आता जन्मात सुटायचे नाहीत. केक काय पानावर भाजू?"

दादाचं हे खूळ एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. याआधी त्याने झोपायची दिशा बदलून पाहिली होती, नळाला लोहचुंबक बांधून झालं होतं. पण या वेळी मधे आई होती.

आमच्या आईने अख्ख्या गावाला पोहायला शिकवलंय. नदीच्या पायऱ्यांवर उभी राहून ती एकेकाला पाण्यात ढकलायची आणि वरून ओरडायची, "तोंड मिट, पाय हलव, रडायचं ते नंतर!" दातांचे डॉक्टर, बँकेतली मॅनेजर, आमचा वेल्डर, सगळे तिचे विद्यार्थी. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी पलीकडे जाऊन परत यायची. मग वरच्या अंगाला रंगाचा कारखाना निघाला, पाण्यावर फेस यायला लागला. आई फेस हाताने बाजूला सारून पोहायची. त्यानंतर मगर आली. पायऱ्यांवर पाटी लागली, पाण्यात उतरू नये. आणि आई खिडकीत बसली.

बसली म्हणजे बसलीच. जेवण निम्म्यावर आलं. बोलणं त्याहून कमी. फक्त पोहायची रबरी टोपी तेवढी अधूनमधून धुवायची, वाळवायची, चिकटू नये म्हणून आतून पावडर लावून घडी घालून ठेवायची. मी तिला तलावावर घेऊन गेले होते, तो शहाण्यासारखा फरश्या लावलेला, स्वच्छ, निळा तलाव. ती काठावरूनच परत फिरली. "चौकोनी पाणी आहे," म्हणाली. "यात माणसं पोहत नाहीत, भिजत ठेवतात."

आणि या आईला दादाने शब्द दिला होता, की महिन्याभरात नदी बरी करतो, मगर घालवतो, आणि तुला पाण्यात उतरवतो.

मी आईसमोर जाऊन बसले. "आई, तो वेडा आहे."

"आहेच."

"पितळ आणि डिंक घालून मगर जात नाही."

"नसेल जात. पण तो काहीतरी करतोय. तू काय केलंस? मला चौकोनात घातलंस."

मी उठून घरी आले. पण आईने त्या दिवशी पोळी मागून घेतली होती आणि तिची टोपी खिडकीत वाळत होती. ही बाई खरंच उतरणार होती. दादा म्हणाला की झालं, म्हणजे झालं. ती पाटीकडे बघणारसुद्धा नाही, आणि मगर काही तिची विद्यार्थिनी नव्हती.

दादा कामाला लागला. रोज दुकान बंद करून पायऱ्यांवर जायचा आणि पाण्यात ऑर्गोनाइट सोडायचा. नदीला 'भेट' द्यायची असते म्हणे, तोच शब्द आहे या ऑर्गोनाइटवाल्यांत. पुलावरून पलीकडे जाऊन वाळूच्या पट्ट्यावरही त्याने काळ्या वड्या ओळीने मांडल्या, मगरीला हद्द कळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी मगर त्याच ओळीवर पोट टेकून झोपलेली. काळं रेझिन उन्हात मस्त तापत असणार, तिला आयतीच शेगडी मिळाली.

"बघ, किती शांत झालीय," दादा म्हणाला.

"दादा, ती ऊन खातेय!"

"आधी अशी झोपायची का? आता तिच्यातली हिंसा ओढली जातेय."

मी हात टेकले. वनखात्यात फोन केला, तर ते म्हणाले, पाटी लावलीय ना? हो, पाटी लावलीय. मगर वाचायला शिकली की प्रश्न मिटेल.

तेवढ्यावर थांबला असता तर तो दादा कसला. दुकानात चष्मा घेणाऱ्या प्रत्येकाला तो एकेक वडी फुकट द्यायला लागला. लोक चांगले, त्यांनी ती घरी नेऊन कागदांवर वजन म्हणून ठेवली. मग एक दिवस त्याने सगळ्यांना मोबाइलवर निरोप धाडला. मलाही आला. "रविवारी सकाळी सर्वांनी नदीला भेट द्यावी. प्रत्येकाने किमान एक आणावे. आई पहिली उतरणार आहे."

त्याच्या मनात होतं की सगळ्यांनी आपापली वडी आणून एकदम पाण्यात सोडावी. पण नदीला भेट द्या म्हटलं की साधा माणूस काय समजणार? नदी बघायला या. आणि आई उतरणार म्हटल्यावर लोकांना वाटलं, नदी पोहायला खुली झाली.

रविवारी मी पायऱ्यांवर पोचले तर जत्रा. आईचे सगळे जुने विद्यार्थी हजर. दातांचे डॉक्टर पोहायच्या चड्डीवर, पोट आत ओढून. मॅनेजरबाईंनी गॉगल लावलेला. किमान एक आणावे म्हटल्याप्रमाणे कुणी टॉवेल आणला होता, कुणी खुर्ची, कुणी नातू. आमचा वेल्डर टायरची ट्यूब घेऊन आला होता. वडी एकानेही आणली नव्हती.

"अहो, भेट म्हणजे भेट!" दादा घसा फोडून सांगत होता. "द्यायची भेट!"

"देतोय की," डॉक्टर म्हणाले. "आलोय ना स्वतः."

एवढ्यात आई आली. पोहायचा पोशाख, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. सोबत दादाची पोरगी, आमची चिमणी, आजीचा हात धरून, तीही पोहायच्याच कपड्यांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई कितीतरी दिवसांनी हसली. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. पलीकडे वाळूवर मगर दिसत होती. कसं कोण जाणे, पण वेल्डर सोडून सगळ्यांनी तिला लाकूडच समजलं होतं.

"ते लाकूड आहे ना?" त्याने हळूच मला विचारलं. त्याच क्षणी लाकडाने जांभई दिली.

डॉक्टरांचं पोट सुटलं. सगळे दोन पायऱ्या वर सरकले. आई तेवढी खालच्या पायरीवर, पाण्यापाशी उभी.

"घाबरू नका!" दादा ओरडला. "ती पलीकडेच राहील. मी हद्द आखलीय. बघा, मीच उतरतो." आणि खरंच बूट काढून तो गुडघाभर पाण्यात गेला. मी किंचाळले. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण तो उभा राहिला. म्हणजे माझ्या भावाचा विश्वास खोटा नव्हता, हे मला कबूल करायलाच हवं. खोटा असता तर परवडलं असतं.

"ये आई," त्याने हात पुढे केला.

आईने त्या हाताकडे पाहिलं. मग नदीकडे. मग चिमणीचा हात सोडून तिला जरा पुढे केलं.

"आधी हिला उतरव," ती म्हणाली. "हिचे हातपाय माझ्यापेक्षा चांगले चालतात."

चिमणीने आनंदाने पाण्यात पाय घातला. अन् दादा एका उडीत बाहेर. पोरगीला दंडाला धरून त्याने अशी ओढली की ती रडायलाच लागली. "मूर्ख आहेस का? मगर आहे तिथे!" तो तिच्यावर ओरडला.

मग त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते.

डॉक्टरांनी टॉवेल गुंडाळून घेतला.

"बरं," आई म्हणाली. "पोरगी नाही चालत. आई चालते."

"तसं नाही गं," दादा म्हणाला. चष्म्याच्या आत त्याचे डोळे भरले. "तसं नाही. तू रोज खिडकीतून विचारायचीस, नदी कधी बरी होईल. मला 'नाही' म्हणवत नव्हतं. तुला कधी नाही म्हटलंय का मी? वाटलं, एवढ्या सगळ्या वड्या टाकल्या, तर होईलही."

"मग आता म्हण."

"काय?"

"नाही म्हण. तूच म्हणायला हवंस, पाटीने सांगितलेलं मी ऐकायची नाही."

मी पुढे होणार होते, वेल्डरने दंड धरला. दादा ओल्या पँटीत उभा होता. नाक पुसत, ज्याला आपण घोडा म्हणतो त्या वयाचा माणूस.

"आई, नदीत उतरायचं नाही," तो म्हणाला. "आता नाही. पुढेही नाही. ती बरी व्हायची नाही, निदान तुझ्या हयातीत तरी."

आई पाण्याकडे बघत राहिली. फेसाचा एक पुंजका वाहत आला, पायरीला लागून थांबला, पुन्हा निघाला.

"बरं," ती म्हणाली. मग पूर्वी पोहून आल्यावर बसायची तशी पायरीवर बसली आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दादापुढे धरला. "पुसून दे."

"आई, तू भिजलीच नाहीस," मी म्हटलं.

"तू गप."

दादाने टॉवेल घेतला. तिच्या मागे बसून तिची पाठ पुसली, दोन्ही दंड पुसले, मान पुसली, अगदी सावकाश. तिने टोपी काढली. आत पावडरीने पांढरे झालेले केस पाठीवर सुटले.

"केस पण," आई म्हणाली.