फोल्डरांची वाटणी

मांद्र्याच्या घराची वाटणी सोमवारी पेडण्याला कागदावर चढणार होती. बहीण हक्क सोडते, या ओळीखाली मी सही करायची, हेही ठरलेलं. वेबसाइटची वाटणी मात्र आजच करायची होती, आणि तीही मीच, साखळी गावात दिल्या घरी बसून. घरचीच बहीण वेबसाइट करते म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला कशाला विचारतील!

दादाने, म्हणजे परेशने, आपल्या गेस्टहाऊसच्या साइटसाठी नवीन होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, घेतलं आणि आजवर दोघांच्या साइट ज्यात होत्या ते आपलं जुनं खातं संध्याकाळी बंद करायला कळवूनही टाकलं. धाकट्या प्रज्योतने आपलं वेगळं घेतलं. दोघांच्या डोमेनमध्ये, साइटच्या पत्त्यात, फरक एका अक्षराचा. दादाच्या मांद्र्याला शेवटी 'एम', प्रज्योतच्या मांद्र्याला नाही. पोर्तुगीज गेले, पण हे शेपूट ठेवून गेले. सकाळी दादाचं डोमेन उघडलं तर प्रज्योतच्या भाड्याच्या खोल्या दिसल्या! ते निस्तरेपर्यंत जेवण राहिलं. बसवत नव्हतं, उठवत नव्हतं.

दादाचा फोन आला. "बाय, माजां झालां मगे? मग जुनां सगळां पुसून टाक."

मी पुसायला गेले आणि हात थांबला. प्रज्योतचा फोल्डर दादाच्या फोल्डरच्या आत होता. आमच्या घरात नाही का, प्रज्योतच्या खोलीची वाट दादाच्या सोप्यातूनच जाते. पुसलं असतं तर ऐन मोसमात धाकट्याचा धंदा बुडाला असता.

"दादा, प्रज्योतचां तुज्या पोटात आसा."

"मग काढ भायर. माका त्याचां कित्याक?"

काढलं. नेट रखडत होतं, मी खोलीभर फेऱ्या मारत होते. प्रज्योतची साइट नव्या जागी उघडली तेव्हा कुठे हुश्श केलं.

तेवढ्यात क्षमावहिनीचा फोन. दादाने तिला तिकडे कॉम्प्युटरवर पहाऱ्याला बसवलं होतं. "गौरवी, हंय तुज्या नावाचो एक फोल्डर रवलो मगे."

माझी साइट! तीच बघून लोक मला काम देतात. सकाळपासून तिची एकदाही आठवण झाली नव्हती.

"रवांदी गे तो," मी बोलून गेले.

"रवांदी कसो? सांजेक सगळांच बंद जातलां."

वकिलाने 'बहीण हक्क सोडते' ही ओळ वाचून दाखवली तेव्हाही मी असंच म्हटलं होतं. माझं राहू दे. त्या वेळी सगळ्यांनी मान डोलावली आणि मला बरं वाटलं होतं. आता संताप आला, आधी स्वतःचा, मग त्या दोघांचा.

मी दादाला फोन लावला. "जुनां खातां बंद करू नको. तां माज्या नावार कर."

दादा काही बुद्दू नाही.

"आणि सोमवारचां?"

"सोमवारी येतंय. वकिलाक सांगून ठेव, वाटे तीन."