नजर लागलेला लेख

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. मला उघडायचं झालं तर दोन्ही हातांनी उघडा, माझं डावं बिजागर निखळलेलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते इजिप्तमधल्या दुमयात शहरापासून पुढचं. दुमयातमध्ये गल्लीगल्लीत पलंग आणि कपाटं तयार होतात. शौकी नावाच्या तरुण सुताराने मला कैरोहून आणलं, तेव्हाही मी कुणाचा तरी वापरलेलाच होतो. माझ्या बटणांवर परकी अक्षरं होती. शौकीने त्यांवर अरबी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि मला कामाला जुंपलं. गिऱ्हाइकांना पलंगांची चित्रं दाखवायची, एवढंच काम. पण करवतीचा भुसा माझ्या पोटात जायचा आणि मी तापायचो. शौकी मला फुंकर मारत म्हणायचा, "काय रे, आमचे पॉलिशवाले सुद्धा तुझ्यापेक्षा कमी खोकतात."

शेवटी त्याने मला वर घरात नेलं आणि बायकोच्या, नहलाच्या हाती दिलं. माझे सुखाचे दिवस तिथून सुरू झाले.

नहला कॉलेजात शिकलेली. लग्न झालं, हना झाली आणि ती घरात राहिली. तिला सतत कसली तरी काळजी असायची. हना झोपली तरी श्वास चालू आहे ना, म्हणून ती नाकाखाली बोट धरून बघायची. मग माझ्यासमोर बसायची. कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानातून गच्च्यांवरून एक वायर आमच्या खिडकीत आली होती. ती मला जोडायची आणि लिहायला लागायची. तिच्या ब्लॉगचं नाव होतं 'हना झोपली की'. हनाचा पहिला दात, सासूबाईंनी शिकवलेली मुलूखियाची पालेभाजी, बाजारात पाठीमागून कुणीतरी येतंय असं उगाच वाटणं, असलं घरगुती लिहायची. पण लोकांना आवडायचं. अलेक्झांड्रियाहून, कुवेतहून, कुठून कुठून प्रतिक्रिया यायच्या. 'तू माझ्या मनातलं लिहितेस.' ते वाचताना नहला माझ्या पडद्यावर इतकी वाकायची की तिचा श्वास मला लागायचा. मित्रांनो, कौतुक तिचं व्हायचं, पण फुगायचो मी सुद्धा.

आमच्या वरच्या मजल्यावर नहलाची मोठी जाऊ राहायची, इब्तिसाम. तिला कित्येक वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग एकदाचा मुलगा झाला. त्याचं नाव मोहाब. इब्तिसामने काय केलं, तर गल्लीत सांगून टाकलं की मुलगी झाली. तिकडे हे जुनंच आहे. मुलगी म्हटलं की लोक 'बरं झालं' म्हणून पुढे जातात आणि नजर लागत नाही. सातव्या दिवशी बाळाला चाळणीत ठेवून हलवतात आणि कानाशी पितळी खलबत्ता वाजवतात. तो कार्यक्रमही तिने दारं लावून, खलबत्त्याला फडकं गुंडाळून केला. घरच्यांशिवाय कुणीच नव्हतं.

नहला होती. तिने खाली येऊन तो सगळा प्रसंग लिहिला. फडक्यात गुंडाळलेला खलबत्ता, चाळणीत हात-पाय ताणणारा गुबगुबीत मुलगा, त्याच्या हनुवटीवरची खळी. नावं घातली नाहीत. 'मोठ्या जावेला मुलगा झाला' एवढंच लिहिलं. तिला वाटलं, नावं नाहीत म्हणजे झालं. तिने मनापासून लिहिलं होतं आणि ते तिच्या आजवरच्या लिखाणात सगळ्यांत चांगलं होतं. तिने बटण दाबलं. मी ते पाठवलं. आम्हा यंत्रांना नाही म्हणता येत नाही.

पहिल्या दिवशी वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी शेजारची उम्म रऊफ ताटभर मिठाई घेऊन जिन्याने वर चढली. दार उघडं होतं, म्हणून मला तिचा आवाज ऐकू आला. "इब्तिसाम, लपवलंस ना आमच्यापासून? माझ्या सुनेने वाचून दाखवलं. मुलगा आहे म्हणे, लोण्याचा गोळा. दाखव तरी."

 वर दार लावल्याचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशी बाळाला ताप भरला.

चौथ्या दिवशी त्याला तापाच्या इस्पितळात दाखल केलं. त्याच दुपारी माझ्या पडद्यावर गल्लीतल्याच कुणीतरी टोपणनावाने लिहिलं, 'हिने ज्या बाळाबद्दल लिहिलं ते आता इस्पितळात आहे. बघा, काय डोळे आहेत.' मग पाऊसच पडला.

'नजर लागू नये म्हणून माशाल्लाह लिहायला हात दुखत होते का?'

'स्वतःला मुलगा नाही ना. मग दुसरीच्या पोरावर लक्ष असणारच.'

'तुझ्या डोळ्यांत माती पडो.'

मध्येच कुणी शिकलेला भांडत होता, 'अडाण्यांनो, ताप जंतूंनी येतो, लेखाने नाही.' नहला त्याचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचायची, जणू ते औषध होतं. आणि त्या गर्दीत 'नदीकाठची' अशा नावाच्या बाईने शांतपणे लिहिलं होतं, 'नजरेचं मला माहीत नाही. पण ज्या आईने बाळ झाकून ठेवलं होतं, तिला विचारलं होतंस का?'

नहलाने शिव्या पुसल्या नाहीत. पहिल्यांदा पुसला तो हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आमच्या खोलीत आल्या. हज करून आलेल्या, म्हणून सगळे त्यांना हाजा म्हणत. त्यांच्या हातात कागदाची बाहुली आणि सुई होती. ज्यांनी ज्यांनी बाळ पाहिलं किंवा त्याच्याबद्दल ऐकलं त्यांचं एकेकाचं नाव घ्यायचं, प्रत्येक नावाला बाहुलीत सुई टोचायची आणि शेवटी बाहुली जाळायची. म्हणजे नजर उतरते.

"उम्म रऊफच्या नजरेपासून," हाजा म्हणाल्या आणि सुई टोचली. "तिच्या सुनेच्या नजरेपासून. दाईच्या नजरेपासून." मग थांबल्या. "नहला, त्या तुझ्या डब्यात ज्यांनी पाहिलं, त्यांची नावं सांग."

"हाजा, ते खूप जण आहेत. आणि ती त्यांची खरी नावं नाहीत."

"खरी नसली तरी डोळे खरे आहेत ना? सांग."

नहलाने मला उघडलं. तिची बोटं थंडगार होती. ती वाचू लागली. "सागरकन्या."

"सागरकन्येच्या नजरेपासून."

"काळी मांजर."

हाजांची सुई हवेतच राहिली. "हे माणसाचं नाव आहे?"

"हो. शिक्षिका आहेत त्या."

"मुलांचं काय होत असेल," हाजा पुटपुटल्या आणि टोचलं. "काळ्या मांजरीच्या नजरेपासून. पुढे?"

नहला वाचत गेली, हाजा टोचत गेल्या. बाहुलीची चाळण झाली. नावं संपली तेव्हा हाजांनी विचारलं, "राहिलं का कुणी?"

मला कळत होतं की त्या कुणाचं नाव मुद्दाम घेत नाहीत. नहलालाही कळत होतं. हना जमिनीवर डबे वाजवत होती.

"मी राहिले," नहला म्हणाली.

हाजांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "हनाच्या आईच्या नजरेपासून," त्या हळूच म्हणाल्या आणि सुई सगळ्यांत शेवटी बाहुलीच्या पोटात टोचली. मग बाहुली ताटलीत ठेवून पेटवली. नहला तो कागद पूर्ण काळा होईपर्यंत बघत होती.

बाळ वाचलं. इस्पितळातल्या सलाईनने की हाजांच्या सुईने, यावर घरात वाद झाला नाही. इब्तिसाम बाळाला घेऊन घरी आली आणि तिने दार आतून लावून घेतलं. नहलाने पाठवलेलं सूप ती परत पाठवायची. जिन्यात भेट झाली तर भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

खाली नहला माझ्यासमोर बसून उत्तरं लिहायची आणि पुसायची. 'मी वाईट हेतूने लिहिलं नव्हतं' लिहायची, पुसायची. 'तुम्ही कोण मला बोलणारे' लिहायची, पुसायची. शौकी जेवायला वर आला तेव्हा ती म्हणाली, "ब्लॉगच बंद करते."

"एका गिऱ्हाइकाला कपाट आवडलं नाही म्हणून मी दुकान पेटवू का?"

"तुझ्या गिऱ्हाइकाचं बाळ इस्पितळात नसतं, शौकी."

त्याने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "वहिनीने तो लेख वाचलाय का?"

नहला थबकली. इब्तिसामला वाचायचा कंटाळा, आणि तिच्याकडे यंत्रही नव्हतं. तिने लेख वाचलाच नव्हता. लोकांच्या तोंडून ऐकला होता.

नहलाने लेख पडद्यावर आणला, विजेची आणि इंटरनेटची अशा माझ्या दोन्ही वायरी काढल्या आणि मला उघडाच छातीशी धरून ती जिना चढू लागली. मित्रांनो, विजेच्या वायरीशिवाय माझा जीव फार थोडा वेळ टिकायचा. वर पोचल्यावर ती दाराशी उभी राहिली आणि माझी ताकद कमी होत चालली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकू लागली. तिने दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. पुन्हा वाजवलं.

"कोण?"

"मी, वहिनी. आत घेऊ नका. नुसतं ऐका. मी काय लिहिलं होतं ते वाचून दाखवते. मग काय ते बोला."

आतून पावलं जवळ आल्याचं ऐकू आलं. नहला बंद दाराला वाचून दाखवू लागली. खलबत्ता, फडकं, चाळण. हनुवटीवरच्या खळीपाशी आली तेव्हा दार फटीएवढं उघडलं.

"ते परत वाच."

नहलाने परत वाचलं.

"'सकाळच्या रोटीसारखा उबदार' असं लिहिलंस?"

"हो."

"चांगलं लिहिलंस," इब्तिसाम म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "म्हणूनच राग आला. हे माझं होतं गं. मला एकटीला पुरवून पुरवून बघायचं होतं. तू सगळ्या जगाला वाढलंस."

"मी विचारायला हवं होतं."

"हवं होतं. आता पूस."

"इथे इंटरनेटची वायर नाही. खाली जाऊन पुसते."

"माझ्यासमोर पूस," इब्तिसाम म्हणाली. तिने आतून बाळाला उचललं, त्याच्या तोंडावर दुपट्याचं टोक ओढलं आणि जिना उतरून, घरी परतल्यापासून पहिल्यांदाच, आमच्या खोलीत आली. मी जवळजवळ विझलो होतो. नहलाने दोन्ही वायरी जोडल्या, मी डोळे उघडले. तिने बोट ठेवलं आणि मी तो लेख पुसला, शिव्यांसकट आणि कौतुकासकट. इब्तिसामला बराच वेळ खात्री पटेना. "गेला? सगळीकडून?"

"इथून गेला. ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यातून मला नाही काढता येणार, वहिनी."

इब्तिसामने मान हलवली. मग बाळाच्या तोंडावरचं दुपटं तिने स्वतःच थोडं बाजूला केलं.

नहलाने ब्लॉग बंद केला नाही. 'नदीकाठची'ला तिने, झालेली सगळी हकीकत सांगणारा नवा लेख लिहून, उघड उत्तर दिलं. 'तुमचं बोलणं मी सगळ्यांत आधी पुसलं, कारण तेच खरं होतं.' बाकीच्या शिव्यांना उत्तर दिलं नाही. हा नवा लेख पाठवण्याआधी तिने इब्तिसामला वाचून दाखवला. इब्तिसाम म्हणाली, "मला इतकी रागीट का दाखवलीस?"

"तुम्ही होतात."

"होते. राहू दे."

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. मग फोन आले आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो, जुन्या पडद्यांच्या गाठोड्याखाली. आता माझ्यावर धूळ आहे. कुणी पुसली तर बरं वाटेल, पण माझं मागणं ते नाही. मित्रांनो, तुमच्या हातातली यंत्रं माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत, आणि नाही म्हणायला तीही शिकलेली नाहीत. ते काम तुमचंच आहे. लिहा, जरूर लिहा. लोक बोलतील. त्यातल्या ओरडणाऱ्यांना ओरडू द्या आणि हळू आवाजात विचारणाऱ्याला शोधा. पण दुसऱ्याच्या घरातलं काही लिहून झालं, की बटणावरचं बोट उचला, जिना चढा आणि दार वाजवा. उघडेपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात तुमचं यंत्र विझलं तरी हरकत नाही.